सुरगाण्याच्या जीपचा गिअर

नाशिक जिल्ह्यातलं सुरगाणा संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच काळात मुंबईत माझगावला महिंद्राने विलीज जीप जोडायला सुरुवात केली. वणीपुढचा घाट, बोरगावनंतरची वळणं, बाऱ्हे-उंबरठाणकडचा पावसाळी चिखल या सगळ्यातून दवाखान्याला आणि बाजाराला माणसं पोचवली ती या जीपनेच. मी या गाड्यांचंच काम करतो, त्यामुळे मला तालुक्याचा इतिहास गिअरबॉक्समध्ये दिसतो.

जुन्या जीपला तीनच गिअर. पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी कडी, नाही. भरल्या गाडीने चढावर सेकंड सोडलं की न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, रेस देऊन, पुन्हा क्लच दाबूनच फर्स्ट घालायचा. चुकला की दात खरवडल्याचा आवाज दूरवर जायचा. डबल क्लच येणारा ड्रायव्हर म्हणून गावात मान असे, आणि तो रास्तच होता. त्यात ट्रान्सफर केसचा 'लो' टाकला की चाकाला जोर जवळजवळ अडीच पट मिळायचा. 1985 ला एमएम 540 आली, प्यूजो डिझेल इंजिन आणि चार गिअर घेऊन. मग भंगारातले चार गिअरचे बॉक्स जुन्या जीपमध्ये जाऊ लागले. लेथवाल्याकडून जोडायची प्लेट करून घ्यायची, मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून छोटा करायचा. ही कारागिरी पुस्तकात कुठे आली नाही, याचं मला वाईट वाटतं.

ऑटोमॅटिक मात्र या जुन्या जीपमध्ये आलंच नाही. अमेरिकेत हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक बॉक्स 1939 पासून, आणि 1963 च्या जीप वॅगनीयरमध्ये फोर बाय फोरला ऑटोमॅटिक जोडलेलंही होतं. आमच्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अवघं 80 इंच. ऑटोमॅटिक बॉक्स लांब असतो, मागे ट्रान्सफर, मग प्रोपेलरला जागा उरते वीतभर. त्याचा कोन इतका तिरपा होतो की जॉइंटचा क्रॉस टिकत नाही. शिवाय जुने पेट्रोलचे बरेच ऑटोमॅटिक बॉक्स इंजिनावरचा भार ओळखतात तो इनटेकमधल्या व्हॅक्यूमवरून. डिझेलमध्ये तसा व्हॅक्यूमच नसतो, त्यामुळे गिअर कधी बदलायचा हे त्याला कळत नाही. घाटात ऑटोमॅटिकच्या टॉर्क कन्व्हर्टरचं तेल तापतं, त्याला वेगळा कूलर हवा. दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न आणखी निराळा.

परवा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने जीप ऑटोमॅटिक करून मागितली. "भाऊ, डावा गुडघा क्लच दाबू देत नाही." 2020 ची थार ऑटोमॅटिकमध्ये मिळते आणि ती बनते आपल्या नाशिकलाच, तिचा बॉक्स भंगारात मिळाला तर बसेल का, असा त्यांचा विचार. पण तो बॉक्स थारच्याच इंजिनाच्या कॉम्प्युटरवर चालतो. म्हणजे इंजिन आणि वायरिंगही आणावं लागेल, इंजिन नंबर बदलेल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे आरटीओची परवानगी लागेल. एवढे पैसे घालूनही जीप तीच राहणार नाही.

म्हणून मी त्यांना क्लचला हायड्रॉलिक सिलिंडर बसवायला सुचवलं. पायावरचा भार बराच कमी होतो. सुट्या भागांची चौकशी नाशिकला करायची आहे.