रोटरखालचे दोन थेंब

न्यूनेनमध्ये आमच्या शेजारच्या आजोबांकडे १९७२ची एमजीबी आहे. दोन आसनांची, उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्स कार. गेल्या वसंतात तिचा वेग वाढवला की दम तुटू लागला. प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतले, फरक शून्य. दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या पोटात. तिथे कित्येक वर्षांत तेलाचा थेंब पोचला नव्हता.

या डब्याला तेल का लागतं, हे त्याच्या इतिहासात आहे. इंजिन जितकं जोरात फिरेल, तितकी ठिणगी आधी पडावी लागते, कारण पेट्रोल जळायला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. सुरुवातीच्या गाड्यांत हा हिशोब चालकच करायचा. स्टीअरिंगजवळ त्यासाठी वेगळी दांडी असे. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने १९१०च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बॅटरीवरचं इग्निशन आणलं, आणि पुढे दांडीचं काम दोन छोट्या वजनांकडे गेलं. शाफ्ट फिरला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकवतात. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना आत ओढतात. जोडीला इंजिनाच्या निर्वातावर चालणारा पडदा असतो. म्हणजे हा यंत्राचा मेंदूच, फक्त लोखंडाचा. आणि लोखंड गंजतं.

गंमत म्हणजे याच दोन युक्त्या, फिरती वजनं आणि निर्वात, न्यूनेनला लागून असलेल्या आइंडहोवनमध्ये डाफ कंपनीने १९५८ साली अख्खा गिअरबॉक्स चालवायला वापरल्या. हुब व्हान डोर्नेंचं ते व्हेरिओमॅटिक आज संग्रहालयात बघायला मिळतं.

आपल्याकडे हे ज्ञान कुर्ल्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांबरोबर पसरलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवू लागली. पुढे तीच पद्मिनी झाली, तरी मुंबईकर तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणाला. टॅक्सीवाल्याला सीबी पॉइंट पॉलिश पेपरने घासणं आणि रोटर काढून तेल सोडणं पाठ असे, कारण गाडी बंद म्हणजे दिवसाची कमाई बंद. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. पोटासाठी शिकलेली ती कामं आता हौशी लोकांच्या हातात आहेत.

आणि हौशी माणूस इथेच फसतो. आजोबांनी पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवला होता. पॉइंटची झीज संपली हे खरं. चार सिलिंडरच्या इंजिनात ६००० आरपीएमला ते सेकंदाला २०० वेळा उघडतात, तेव्हा हा फायदा लहान नाही. पण सेन्सरखालची वजनं जुनीच राहतात. 'आता बघावं लागत नाही' म्हणून कुणी झाकण उघडत नाही, आणि ती जागच्या जागी अडकतात.

एमजीबीच्या लुकास डिस्ट्रिब्युटरमध्ये रोटर उचलला की शाफ्टच्या टोकाला स्क्रू दिसतो. तो काढायचा नाही. त्याच्या बाजूने तेल आपोआप उतरतं. तिथे दोन थेंब, पाट्याच्या फटीतून वजनांवर थोडे थेंब, आणि पॉइंट असतील तर कॅमवर ग्रीसचा पुसट हात. याबाबतीत कंजूषपणाच बरा: जादा तेल पॉइंटवर उडालं की तिथे जळून काळं पडतं आणि ठिणगीच कमजोर होते.

आजोबांच्या गाडीचा पाटा उतरवला, वजनं रॉकेलने धुतली, तेल सोडलं. आधी बोटाने वळवलेला रोटर तिथेच बसून राहायचा. आता सोडला की टक्कन मागे येतो.