तंबाखूचा त्याग आणि ख्रिस्ती श्रद्धा

ख्रिस्ती धर्मग्रंथांत तंबाखूचें नांव नाहीं. तें असणें शक्यही नव्हतें. कारण ही वनस्पति अमेरिका खंडांतली, आणि कोलंबसाचीं गलबतें १४९२ मध्यें तिकडे पोंचेपर्यंत युरोपास तिची वार्ताही नव्हती. मद्याविषयीं बायबलांत पुष्कळ सांगितलेलें आहे; या धुराविषयीं कांहींच नाहीं. तेव्हां स्पष्ट आज्ञा नसतांना श्रद्धावान् मनुष्यानें या नव्या व्यसनाशीं कसें झुंजावें, आणि त्या झुंजींत त्याच्या श्रद्धेचा उपयोग कोणता, हा प्रश्न पुढील चारशें वर्षें ख्रिस्ती समाजापुढें उभा राहिला. त्याचा इतिहास थोडक्यांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला उपाय अर्थातच सत्तेचा झाला. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें १६०४ मध्यें तंबाखूच्या निषेधार्थ स्वतः एक पुस्तिका लिहिली आणि तिजवर जबर जकात बसविली. योगायोग असा कीं, त्याच सुमारास आपल्या विजापुराहून असद बेग हा सरदार तंबाखू व हुक्का घेऊन अकबराच्या दरबारीं गेला; आणि १६१७ मध्यें जहांगिरास आपल्या राज्यांत तंबाखूबंदीचें फर्मान काढावें लागलें. राजांनीं जें केलें तेंच धर्मपीठानेंही केलें. सेव्हिल येथील धर्माधिकाऱ्यांच्या विनंतीवरून पोप आठवा अर्बन यानें १६४२ मध्यें तेथील चर्चांत तंबाखूचें सेवन करणारास बहिष्काराची शिक्षा फर्माविली. १६५० मध्यें दहावा इनोसंट यानें रोमच्या सेंट पीटर मंदिरापुरता तसाच हुकूम काढला. परंतु या हुकुमांचा रोख देवालयाच्या पावित्र्याकडे होता, व्यसनी मनुष्याच्या सुटकेकडे नव्हता. १७२५ मध्यें तेरावा बेनेडिक्ट यानें ती बंदी उठविली. तो स्वतः तपकीर ओढीत असे! पुढें नवव्या पायसच्या अमदानींत, १८६३ मध्यें, रोम शहरांत पोपच्या राज्याचा तंबाखूचा मोठा कारखानाच उभा राहिला. व्हॅटिकनमधील सिगारेटची विक्री बंद व्हावयास २०१८ साल उजाडावें लागलें. दंडाच्या भयानें व्यसन दाराबाहेर थांबतें, सुटत नाहीं, असाच या प्रकरणाचा निष्कर्ष म्हणावा लागेल.

दुसरी वाट अठराव्या शतकांत जॉन वेस्ली यानें दाखविली. त्याच्या अनुयायांच्या लहान लहान मंडळ्या असत. सभासदांनीं आठवड्यास एकदां जमावें, आपापलें स्खलन एकमेकांपुढें मोकळेपणानें सांगावें आणि एकमेकांसाठीं प्रार्थना करावी, अशी त्यांची रीत होती. १७४४ मध्यें या मंडळ्यांस दिलेल्या सूचनांत वेस्लीनें तपकीर व तंबाखू यांची गणना निष्कारण चैनींत केली. वैद्यानें सांगितल्यास मात्र मोकळीक ठेविली. निषेधाची भाषा सौम्य आहे, पण महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. येथें व्यसनी मनुष्य न्यायाधीशापुढें उभा नसून आपल्यासारख्याच दुर्बळ सोबत्यांत बसलेला आहे. या भेदाचें मोल पुढें दोन शतकांनीं कळून आलें.

तथापि तंबाखू ओढणें हें पाप कीं नव्हे, याविषयीं एकमत कधींच झालें नाहीं. १८७४ मध्यें लंडनचा विख्यात धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन याच्या प्रार्थनामंदिरांत पेंटेकॉस्ट नांवाच्या एका अमेरिकन पाहुण्यानें, आपण चिरूट सोडण्यासाठीं कसे झगडलों आणि अखेर देवाच्या साहाय्यानें कसे सुटलों, हें सांगितलें. तें संपतांच स्पर्जन उठला व म्हणाला कीं, दहा आज्ञांत याचा उल्लेख नाहीं, आणि आपण तर आज रात्रीं निजण्यापूर्वीं देवाचें स्मरण ठेवून चिरूट ओढणार! मोठा गवगवा झाला. तेव्हां, चिरुटानें आपल्या वेदना शमतात व झोंप येते, याबद्दल आपण ईश्वराचे आभारच मानतों, असा खुलासा त्यानें वर्तमानपत्रांतून केला. आम्हांस या वादांत दोन्ही बाजू प्रामाणिक दिसतात. शास्त्रांत नसलेलें पाप इतरांच्या माथीं मारूं नये, हें स्पर्जनचें म्हणणें रास्त होतें. परंतु पाहुण्याचा अनुभवही खोटा नव्हता: एका वस्तूची आपणांवर सत्ता चालते, आणि ती झुगारण्यास आपलें एकट्याचें बळ पुरत नाहीं, हें त्यानें जाणलें होतें.

हा अनुभव ख्रिस्ती धर्मास नवीन नाहीं. जें करावेंसें वाटतें तें हातून होत नाहीं आणि ज्याचा तिटकारा आहे तेंच घडतें, ही तक्रार पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत केली आहे. व्यसनी मनुष्याच्या मनाचें याहून नेमकें वर्णन क्वचितच आढळेल. त्याच पौलानें करिंथकरांस, तुमचें शरीर पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, असें बजाविलें. तंबाखू सोडूं पाहणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यास आधार मिळाला तो या दोन विचारांचा: देह ही आपली खासगी मालमत्ता नव्हे, आणि आपलें दौर्बल्य कबूल करण्यांत नामुष्की नाहीं.

या दोन विचारांस वैद्यकाची जोड मिळाली ती विसाव्या शतकांत. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट हा शनिवारीं विश्रांति पाळणारा पंथ १८६३ मध्यें अमेरिकेंत संघटित झाला. पुण्याच्या वाचकांस तो स्पायसर या शिक्षणसंस्थेमुळें नांवानें तरी परिचित असेल. या पंथाच्या एक संस्थापक एलन व्हाइट यांनीं १८४८ पासूनच तंबाखूचा निषेध केला होता. १९५० मध्यें इंग्लंड व अमेरिका येथील संशोधकांनीं सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. आणि १९५९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियांतील पाहणींत या निर्व्यसनी पंथीयांमध्यें तो रोग फारच विरळा आढळला. लौकरच, १९६० च्या सुमारास, त्यांच्यापैकीं डॉक्टर वेन मॅकफार्लंड व धर्मोपदेशक एल्मन फोकेनबर्ग यांनीं सर्व धर्मांच्या लोकांसाठीं पांच दिवसांचा एक कार्यक्रम आंखला. लागोपाठ पांच सायंकाळीं लोकांनीं एकत्र जमावें. वैद्यानें शरीराचें सांगावें, उपदेशकानें मनाचें. भरपूर पाणी व फळांचा रस प्यावा, कॉफी व मद्य टाळावें, जेवणानंतर आवडत्या खुर्चींत न बसतां फिरावयास जावें. ओढण्याची तल्लफ आली असतां, न ओढण्याचें आपणच ठरविलें आहे, असें स्वतःस सांगावें, सोबत्यास हांक मारावी, आणि ईश्वराचें साहाय्य मागावें. वेस्लीची मंडळीच येथें डॉक्टरासह पुनः अवतरली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. हा कार्यक्रम अनेक देशांत पसरला.

त्यानें सर्वच सुटले असें मात्र नाहीं. पुष्कळ जण पुनः ओढूं लागले. निकोटिनची पकड शरीरावर असते, आणि केवळ प्रार्थनेनें ती सुटेल असें सांगणें म्हणजे पडणाऱ्याच्या माथीं अश्रद्धेचा दोष मारणें होय. उलट, ज्यांची कोणत्याच देवावर श्रद्धा नाहीं अशांनींही तंबाखू सोडली आहे. म्हणून श्रद्धा हें औषध नव्हे. ती पथ्य पाळण्याचें बळ आहे, आणि पथ्य मोडल्यावर दुसऱ्या दिवशीं पुनः आरंभ करण्याचें धैर्य आहे. ज्या धर्मांत क्षमेस इतकें मोठें स्थान आहे, त्यानें व्यसनी मनुष्यास हेंच द्यावें हें योग्यही आहे.

आपल्या घरांतही विडी, तपकीर व मिश्री यांनीं जखडलेलीं माणसें असतात, आणि घरांतील वडीलधारीं त्यांस बहुधा शपथ घालतात, नाहींतर बोल लावतात. शपथ मोडली म्हणजे त्या माणसाजवळ लाजेवांचून कांहीं उरत नाहीं, आणि लाज लपविण्यासाठीं तो पुनः त्याच धुराकडे वळतो. हुकूम पोपांनीं काढून पाहिला, पातशहांनींही काढून पाहिला. ज्यास कांहीं यश आलें तो मार्ग, पडलेल्याशेजारीं बसून, उद्यां पुनः प्रयत्न करूं असें म्हणणारांचा होता.