कोल्हापूरचे मासे आणि बीएनएचएसची वाटचाल

15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजेच बीएनएचएस, स्थापन झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. जमवलेले नमुने एकमेकांना दाखवायचे, टिपणे वाचायची, असा सुरुवातीचा बेत होता. 1886 मध्ये ई. एच. एटकेन आणि आर. ए. स्टर्नडेल यांच्या संपादनाखाली संस्थेचे नियतकालिक निघाले. पक्षी आणि वाघ-बिबट्यांमुळे संस्थेचे नाव घरोघरी पोचले. नद्यांतल्या माशांची ओळख पटवण्यात आणि ती पुन्हा तपासण्यात तिचा केवढा वाटा आहे, हे मात्र पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या आपल्यालाही फारसे ठाऊक नसते.

या कामाची पार्श्वभूमी संस्थेपेक्षा जुनी आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध 1839 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. कोळस, शिंगटी ही इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावे त्यांनी शास्त्रीय नावांतही घेतली. पण त्यांची वर्णने त्रोटक होती आणि पडताळणीसाठी मूळ नमुने पुढच्या अभ्यासकांच्या हाती राहिले नाहीत. कोणते नाव नेमके कोणत्या माशाचे, हा वाद तिथूनच सुरू झाला.

1937 पासून डॉ. सुंदरलाल होरा यांनी भारतातल्या गळाच्या माशांवर बीएनएचएसच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. दख्खनच्या महसीर माशांबद्दलची त्यांची पुढची निरीक्षणे 1943 मध्ये याच मालेत आली. साइक्स यांचा ‘मसुल्ला’ त्यांनी महसीरांमध्ये बसवला आणि पुढची सत्तर वर्षे बहुतेक अभ्यासक त्याच ओळखीवर विसंबून राहिले.

1956 हे वर्ष कोल्हापूरसाठी महत्त्वाचे. ए. जी. कळवार आणि सी. एन. केळकर यांचा ‘फिशेस ऑफ कोल्हापूर’ हा लेख त्या वर्षी याच नियतकालिकाच्या 53 व्या खंडात छापला गेला. शिवाजी विद्यापीठ स्थापन व्हायला तेव्हा आणखी सहा वर्षे होती. आपल्या पाण्यात तेव्हा काय होते, हे आज सांगू पाहणाऱ्याला या यादीपासूनच सुरुवात करावी लागते.

1992 मध्ये बी. एफ. छापगर आणि एस. आर. साने यांनी गोव्यातल्या एका छोट्या माशाचे वर्णन याच नियतकालिकात केले. मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक डॉ. एस. बी. सेटना यांच्या सन्मानार्थ त्याला ‘पुंटियस सेटनाय’ हे नाव मिळाले. पुंटियस ही त्या काळी फार मोठी प्रजाती होती. नदीकाठी ज्यांना सरसकट ‘खवली’ म्हणतात, त्यांतले कितीतरी मासे तिच्यात कोंबले गेले होते. 2012 मध्ये रोहन पेथियागोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची फोड केली. मिशा आहेत की नाहीत, पाठीच्या पराचा काटा करवती आहे की गुळगुळीत, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका आहे का, ही लक्षणे त्यांनी जनुकीय पुराव्याशी ताडून पाहिली. त्यातून पेथिया, डॉकिन्सिया अशा नव्या प्रजाती निघाल्या आणि सेटनांचा मासा ‘पेथिया सेटनाय’ झाला.

लगेच पुढच्या वर्षी मसुल्लाचा प्रश्न सुटला. नाइट, राय आणि डिसोझा यांनी साइक्स यांचे वर्णन नव्याने तपासले. हा मासा महसीर नसून कोळसाच्या हिप्सेलोबार्बस या प्रजातीतला आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्यामुळे कावेरीतला कुबडाचा महसीर, जो मसुल्ला म्हणून ओळखला जात होता, बिननावाचा झाला. 2018 मध्ये तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे निश्चित झाले आणि त्यानंतरच जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची नोंद झाली. नाव चुकले की संरक्षणही चुकते, याचा याहून स्पष्ट दाखला नाही.

2014 मध्ये ही वाटचाल पुन्हा आपल्या दाराशी आली. बीएनएचएसचे उन्मेष कटवटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पेथिया लाँगिकॉडा’ या नव्या जातीचे वर्णन केले. हा मासा हिरण्यकेशीतला, म्हणजे आंबोलीहून आजरा-गडहिंग्लजकडे वाहत येणाऱ्या नदीतला. 2020 मध्ये आंबोलीतूनच ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही आणखी एक नवी जात जाहीर झाली. 2021 मध्ये राज्य शासनाने तिच्या अधिवासाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. एका लहानशा माशाची ओळख पटली म्हणून पाण्याचा एक तुकडा कायद्याच्या संरक्षणाखाली आला.

बीएनएचएसच्या या वाटचालीत मला सर्वांत मोलाची वाटते ती तिची चिकाटी. लेख छापायचे, नमुने चिठ्ठीसह जपायचे आणि पुढच्या पिढीने ठरलेले नाव बदलले तर त्याचाही आदर करायचा, हे व्रत तिने सोडले नाही. साइक्स यांचे नमुने जपले गेले असते, तर मसुल्लाचा घोळ एवढा लांबलाच नसता.

म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्राणिशास्त्र विभागांना कळकळीची विनंती आहे. कळवार-केळकरांची यादी हातात घ्या आणि भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी, वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी या नद्यांवर पुन्हा जा. रीतसर परवानगीने गोळा केलेला प्रत्येक नमुना ठिकाण, तारीख आणि कोळ्याने सांगितलेले नाव लिहून जपा. प्रदूषण आणि चिलापीसारखे परके मासे वाढत असताना ही नोंद राहून गेली, तर ती नंतर करता येणार नाही.