बानूबाईंचे वढू
आम्हा शिरूर-दौंडकरांना वढू बुद्रुक माहीत आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. डॉ. बानू कोयाजींचे वढू मात्र फारसे कोणी सांगत नाही. १९४४ साली त्या पुण्याच्या केईएममध्ये आल्या, तेव्हा तिथे अवघ्या ४० खाटा होत्या. ते रुग्णालय त्यांनी मोठे केलेच. पण त्यांचे खरे नेतृत्व मला दिसते ते १९७२ नंतर, वढूच्या प्रकल्पात. रुग्ण शहरात येईपर्यंत न थांबता त्यांनी गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवक केले. आपल्या ट्रस्टांच्या बैठकीत आधी इमारतीचा नकाशा उघडतो, तो भाग वेगळा! बानूबाई २००४ साली गेल्या. गावातल्याच बाईला आरोग्यकार्यकर्ती नेमणारी सरकारची ‘आशा’ योजना आली २००५ मध्ये.