घळ, नाळ आणि खिंड

नरपडला लहानपण गेलेल्या माणसाला दऱ्याखोऱ्यांचं काय कळणार? आमच्याकडे समोर समुद्र, मागे चिकूच्या वाड्या, जमीन ताटासारखी सपाट. डोंगर म्हणजे महालक्ष्मीचा, तोही जत्रेला जाताना पाहिलेला. आणि खिंड म्हणजे पालघर-मनोर रस्त्यावरची वाघोबा खिंड. एसटी तिथून जायची तेव्हा आजी वाघोबाला हात जोडायची, म्हणून आम्हीही जोडायचो.

पुढे नोकरीनिमित्त पुण्यात आलो आणि डोंगर हिंडायला लागलो. एका पावसाळ्यात उतरायला उशीर झाला. डाव्या हाताला एक चिंचोळी फट सरळ खाली जाताना दिसत होती. मी म्हटलं, "मामा, इथनं उतरू की! लवकर पोचू." वाटाड्या जागचा हलला नाही. म्हणाला, "ती नाळ न्हाय, घळ हाय." संपलं. आम्ही तासभर वळसा घालून उतरलो. मनात मी चरफडत होतो.

त्याच्या बोलण्याचा अर्थ नंतर कळला. सह्याद्रीचा काळा कातळ थंड होताना त्याला उभ्या भेगा पडल्या. पाणी तीच रेघ धरून खाली धावतं आणि कोरत जातं. अशा कोरलेल्या जागेतून माणसाला वाट सापडली, की ती नाळ. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ ही नावं भटक्यांना पाठ असतात. घळ मात्र पाण्याची. तिच्यात वाट असेलच असं नाही. मध्येच कडा तुटलेला असू शकतो आणि वर पाऊस झाला तर लोंढा येतो. खिंड आणखी वेगळी. ती डोंगराच्या धारेतली खाच, आरपार जाण्याची.

इतिहासातही हे फरक जाणवतात. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली. आरपार जाण्याची जागा होती, म्हणून तर अडवण्यात अर्थ होता. तीच पुढे पावनखिंड झाली. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज उंबरखिंडीत अशीच कोंडली गेली.

घळ माणसाला पुढे जाऊ देत नाही, पण पोटात घेते. महाडजवळची शिवथरघळ धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली शोधून काढली. दासबोध तिथे लिहिला गेला अशी परंपरा आहे. मी मावशीबरोबर गेलो होतो तेव्हा आमचा वादच झाला. ती म्हणे, घळ म्हणजे गुहा. मी म्हणे, घळ म्हणजे कपार. शेजारी धबधबा इतका कोसळत होता की दोघांनाही एकमेकांचं ऐकू येईना! आता वाटतं, दोघंही बरोबर होतो. पाण्याने कोरलेली जागा ती घळ, मग ती उघडी असो की झाकलेली. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहतं म्हणतो, तेव्हाही मला तीच जागा आठवते.

शाळेच्या भूगोलात 'घळई' होती. ती परीक्षेपुरती राहिली. आता साम्रदच्या सांदणीलाही सगळे 'सांदण व्हॅली' म्हणतात. म्हणोत बापडे. पण व्हॅली म्हटलं की सगळं एकच होतं. वाट कुठली आणि पाण्याची जागा कुठली, हे त्या शब्दातून कळत नाही. त्या संध्याकाळी मामांनी मला नकाशा दाखवला नाही, भाषण दिलं नाही. एक शब्द बदलला, तेवढ्यावर आम्ही घरी पोचलो.

तुमच्या गावाकडे अशा जागेला काय म्हणतात? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. मी आजीला विचारायचं राहून गेलं.