कळकलेलं ताक, पाऱ्याचा थेंब आणि गोसेखुर्दचं पाणी

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी आलीच. घरात जुनं पितळी पातेलं असेल तर आजीला विचारा, कल्हई कशाला लावायची? ती म्हणेल, नाहीतर ताक कळकतं. म्हणजे आंबटपणाने पितळेतलं तांबं सुटतं, ताक हिरवट, कडवट होतं. कथलाचा थर ते थांबवतो. पण त्या कथलातच स्वस्त शिसं मिसळलेलं असलं तर? तांब्याची चुगली जीभ करते. एवढंसं शिसं तिला कळतच नाही.

आज भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसं फार तर 0.01 मिलिग्रॅम चालतं. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. हे शोधायचं कसं?

त्यासाठी जाऊ प्रागला, 1922 मध्ये. यारोस्लाव्ह हेरोव्हस्की बारीक काचनळीतून पाऱ्याचे थेंब द्रावणात सोडत होता, व्होल्टेज हळूहळू बदलत होता आणि करंट मोजत होता. प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन घेतो, तिथे करंट उडी मारतो. कुठे उडी आली त्यावरून धातू कोणता ते कळतं, किती उंच त्यावरून प्रमाण. पुढे जपानी सहकारी मासुझो शिकाता याच्यासोबत त्याने हा आलेख आपोआप काढणारं यंत्र बनवलं, पोलॅरोग्राफ. 1959 मध्ये नोबेलही मिळालं.

पण अगदी सूक्ष्म शिसं त्यातूनही निसटायचं. मग 1950च्या दशकात पोलंडच्या व्हिक्टर केमुला यांनी पाऱ्याचा एकच थेंब टांगून ठेवला. आता त्यात काही मिनिटं धातू साठवत राहायचा, भिशीसारखा, आणि मग व्होल्टेज उलट दिशेने नेऊन सगळा एकदम बाहेर काढायचा. उडी केवढी मोठी येणार! गंमत बघा, विष शोधायला वापरलं तेही विषच. 2000 मध्ये अमेरिकेत जोसेफ वँग आणि सहकाऱ्यांनी पाऱ्याऐवजी बिस्मथचा पातळ थर वापरून दाखवला, तेव्हा कुठे ती अडचण कमी झाली. आता अशी यंत्रं हातात धरून नदीकाठी नेता येतात.

आपल्याकडे ती न्यावीत कुठे? माझं मत विचाराल तर आधी पवनीकडे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमार्गे वैनगंगेत, म्हणजे गोसेखुर्दच्या साठ्यात येतं. त्याच पाण्यातली मासोळी पकडून ढिवर समाजाची घरं चालतात. जलपर्णी डोळ्यांना दिसते, वास नाकाला येतो. धातू असेल की नसेल, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि मोजतानाही एक खोच आहे. इलेक्ट्रोडला मुख्यतः पाण्यात मोकळे फिरणारे आयन दिसतात. सांडपाण्यात शिसं बरंचसं गाळाला, मैल्याला चिकटून बसतं. नुसता इलेक्ट्रोड बुडवला तर आकडा कमी येतो, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. म्हणून नमुना आधी नायट्रिक ॲसिडमध्ये तापवावा लागतो. कुणी आकडा सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारा: ॲसिडमध्ये तापवला होता का?