जखमी खारीच्या शुश्रूषेचा इतिहास

जखमी खारीची शुश्रूषा महाराष्ट्रात तीन टप्प्यांतून गेली. आधी ती भूतदयेचा भाग होती. पुढे जनावरांचे दवाखाने निघाले, पण त्यांत खारीला फारशी जागा नव्हती. १९७२ नंतर ती कायद्याच्या आणि वन्यजीव वैद्यकाच्या कक्षेत आली. या प्रवासात उपचारांइतकाच त्यांमागचा हेतूही बदलला. पूर्वी जिवाला आसरा देऊन सांभाळणे हेच पुण्य होते. आज त्याला लवकरात लवकर झाडावर परत पाठवणे हे उपचाराचे यश मानले जाते.

खार माणसाच्या किती जवळ राहते, हे कबनूरवरून दिसते. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेले गाव. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. पुढे हा धंदा आसपासच्या गावांत पसरला आणि शेतीवर जगणाऱ्या कबनुरातही मागांचा खडखडाट सुरू झाला. शेड, रस्ते आणि विजेच्या तारा वाढल्या, तरी खार गावातच राहिली. झाडाच्या बेचक्यात, कौलांच्या सांदीत किंवा शेडच्या आढ्याला ती घरटे करते. त्यात काथ्या, कापूस, चिंध्या, सुताचे तुकडे असे मिळेल ते अंथरते. घरटे माणसाच्या इतके जवळ असल्याने खाली पडलेले पिल्लू किंवा मांजराने धरलेली खार बहुधा माणसाच्याच हाती लागते.

भूतदयेच्या पहिल्या टप्प्याची मुळे जुनी आहेत. प्राण्यांवरील उपचारांचा उल्लेख अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात येतो. माणसे आणि जनावरे या दोहोंच्या औषधोपचाराची सोय केल्याचे त्यात नमूद आहे. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात मारण्यास मनाई असलेल्या प्राण्यांची यादी असून तीत खारीचाही समावेश असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. लोकपरंपरेनेही खारीला अभय दिले. सेतू बांधताना खारीने वाळूचे कण वाहिले आणि रामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग तिच्यावरूनच आला. हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांत जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे जीवदयेचा संस्कार या भागात खोलवर रुजलेला आहे.

लहान जिवाची शुश्रूषा कशी होत असे, याचे एक जवळून पाहिलेले वर्णन गुजरातेतून मिळते. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ मध्ये खंबायतला आला होता. तेथील पक्ष्यांच्या इस्पितळात त्याला उंदरांची अनाथ पिल्ले दिसली. पांढऱ्या दाढीचा, चष्मा लावलेला एक वृद्ध त्यांना पेटीत कापसावर ठेवून पिसाने दूध पाजत होता. पेटी, कापूस आणि थेंबाथेंबाने दूध ही रीत पुढे घरोघरी खारीच्या पिल्लांसाठीही चालत राहिली. पिसाच्या जागी वात किंवा ड्रॉपर आला, एवढेच.

मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमिचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. अशा संस्थांचे मुख्य काम म्हाताऱ्या, लंगड्या आणि भाकड जनावरांना मरेपर्यंत पोसणे हे होते. बरे करून सोडून देणे हा विचार तेथे गौण होता.

शास्त्रीय पशुवैद्यक आले ते वेगळ्या वाटेने. मुंबईत १८७४ मध्ये प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. मग परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ निघाले आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. या विद्येचा भर घोडे, बैल आणि दुभत्या जनावरांवर होता. कोल्हापूर जिल्ह्यातही हेच घडले. तेथे १९६३ मध्ये गोकुळ दूध संघ स्थापन झाला. दूधधंदा वाढला तसे जनावरांचे डॉक्टर गोठ्यापर्यंत पोचले, पण ते गाई-म्हशींसाठी. शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाच्या खारीसाठी ना औषधाचे प्रमाण ठरलेले होते, ना तिच्यावर कोणी खर्च करणार होते. तिच्या वाट्याला हळद, गाईचे दूध आणि लोकांची माया एवढेच आले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र पालटले. त्याच्या जुन्या अनुसूचींत उंदीर आणि कावळा उपद्रवी ठरले, तर पाच पट्ट्यांच्या खारीचे नाव संरक्षित प्राण्यांत आले. शेकरू या मोठ्या खारीला त्याहून वरचे स्थान मिळाले. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून त्याच्या अधिवासासाठी १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. कायद्याच्या कलम ३९ नुसार संरक्षित वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. तो हाती आल्यास ४८ तासांत जवळचे पोलीस ठाणे किंवा अधिकृत अधिकारी यांना कळवावे लागते. त्यामुळे जखमी जीव घरी पाळणे हे केवळ दयेचे काम राहिले नाही.

याच काळात अमेरिकेत वन्यजीव पुनर्वसनाचे स्वतंत्र शास्त्र आकाराला आले. कॅलिफोर्नियात १९७१ च्या तेलगळतीत सापडलेल्या पक्ष्यांवर उपचार करताना आलेल्या अनुभवातून १९७२ मध्ये पुनर्वसन करणाऱ्यांची संघटना निघाली. महाराष्ट्रात १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांनी अनाथ वन्यप्राणी सांभाळले. पुढे पुणे, नागपूर, मुंबई येथे वन्यप्राण्यांसाठी खास उपचार केंद्रे उभी राहिली आणि वनविभागाने १९२६ हा मदत क्रमांक सुरू केला.

या अनुभवातून खारीच्या प्रथमोपचाराची आजची पद्धत घडली. हातमोजे किंवा जाड फडके वापरून खारीला उचलायचे आणि भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवायचे. खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवून त्याला बाहेरून ऊब द्यायची. रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने हलका दाब द्यायचा. गारठलेल्या किंवा बेशुद्ध खारीच्या तोंडात काहीही घालायचे नाही. पाणी फुफ्फुसात जाऊन ती दगावते. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात, म्हणून ते वर्ज्य ठरले. मांजराच्या दातांची जखम बारीक दिसली तरी तीतून जंतू आत शिरतात. अशा खारीला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे लागते. माणसांची वेदनाशामक औषधे तिला देत नाहीत. खार चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा असतो.

पडलेले पिल्लू धडधाकट आणि उबदार असेल, तर त्याला उघड्या खोक्यात घालून घरट्याच्या झाडावर, मांजरापासून सुरक्षित उंचीवर, दिवसाउजेडी ठेवतात. लोक दूर झाले की आई अनेकदा त्याला तोंडात धरून परत नेते. आई आली नाही, तरच ते वनविभागामार्फत जाणकारांच्या हाती सोपवले जाते. तेथे वाढलेल्या पिल्लाला माणसाची सवय लागू देत नाहीत. ते स्वतः खाऊ लागले, चपळपणे चढू लागले आणि धोका दिसताच लपू लागले, की त्याला झाडांच्या परिसरात टप्प्याटप्प्याने सोडून दिले जाते.